मिरच्यांशिवाय दृष्ट

हृदयाला हळवं म्हणायची चाल कवींनी पाडली आणि ती इतकी रुळली की आता कुणी तपासून बघायच्या भानगडीत पडत नाही. शरीरात खरोखर हळवं असं काही असेल तर तो बुबुळावर बसवलेला पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया. मधोमध त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. पण तेवढ्यात मज्जातंतूंच्या टोकांची अशी दाटी की कातडीशी तुलना केली तर ती काहीशे पटींनी जास्त भरते. रक्त मात्र औषधालाही नाही. रक्तवाहिन्या आल्या की पारदर्शकपणा गेला, म्हणून हा पडदा प्राणवायू थेट हवेतून घेतो आणि बाकीचं पोषण अश्रूंवर आणि डोळ्याच्या आतल्या पाण्यावर भागवतो. राहणी संन्याशाची, मिजास संस्थानिकाची. धुळीचा एक कण हुजूरांना टेकला की सगळा कारभार ठप्प होतो, पापण्यांचे दरवाजे धाडकन बंद होतात, पाण्याचे लोट वाहू लागतात आणि भला माणूस हातातलं काम टाकून आरशाकडे धावतो. अशा या मानी गृहस्थाला आपण होऊन, वर पैसे मोजून, खरवडून घ्यायचं मी ठरवलं.

ठरवण्यामागचं कारण काही थोर नव्हतं. चष्मा शाळेत असताना लागला होता आणि त्याच्याशी माझं उघड भांडण कधीच नव्हतं. पण काही नाती भांडणाने तुटत नाहीत, कुरबुरीने तुटतात. चहाचा कप तोंडाला लावला की वाफेने जग नाहीसं व्हायचं. हेल्मेट चढवताना काड्या कानावरून निसटायच्या. पावसात काचेवर थेंब साचले की समोरची बस एक आहे की चार, याचा निर्णय श्रद्धेने घ्यावा लागायचा. आणि सकाळी उठल्यावर चष्मा शोधायचा तर आधी चष्मा हवा, हे कोडं तर रोजचंच. मला फक्त एकदा डोळे उघडल्याबरोबर छताचा पंखा बघायचा होता. पंख्यात बघण्यासारखं काही नसतं, हे पुढे कळलं.

तपासणीच्या दिवशी यंत्राने माझ्या डोळ्याचा रंगीत नकाशा काढला. निळं, हिरवं, मध्येच पिवळं. हवामान खातं वादळाच्या आधी दाखवतं तसला. डॉक्टरांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि माझा कॉर्निया पातळ असल्याचं सांगितलं. चष्मा घालवायच्या लॅसिक या ऑपरेशनमध्ये कॉर्नियाला बिजागरीसारखं एक बारीक झाकण कापतात, ते उलटून खाली लेझर चालवतात आणि झाकण पुन्हा बसवतात. काही तास डोळे झोंबतात, दुसऱ्या सकाळी माणूस दुकानांच्या पाट्या वाचत हिंडतो. माझ्याकडे झाकण कापण्याइतकी जाडी शिल्लक नव्हती. म्हणून पीआरके. त्यात झाकणच नाही. वरची नाजूक साल पूर्ण काढायची, उघड्या भागावर लेझर मारायचा, वर एक पट्टीवजा लेन्स ठेवायची आणि नवी साल यायची वाट बघायची. ती यायला तीन ते पाच दिवस लागतात. त्या दिवसांविषयी डॉक्टर एवढंच म्हणाले, ‘‘थोडं चुरचुरेल.’’

डॉक्टरांच्या ‘थोडं’चं माप कुठल्याच कोष्टकात नाही. म्हणून मी ऑपरेशन झालेल्यांकडे चौकशी केली. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, ‘‘छे गं, काहीच नाही.’’ तिच्या भावाने खांदे उडवले. एका परिचितांनी तर ‘अगदी मजेत गेलं’ असे शब्द वापरले. ही सगळी माणसं खोटं बोलत नव्हती. दुखण्याची गंमतच अशी की ते बरं होताना आपल्या आठवणीही बरोबर घेऊन जातं. शाळेत फळ्यावरचं न दिसल्याने गणिताच्या बाईंनी सगळ्यांसमोर केलेला अपमान मला आजही कानशिलं तापवण्याइतका ताजा आठवतो. त्याच वर्षी मोडलेला हात मात्र नुसता ‘मोडला होता’ एवढा आठवतो. कळ आठवत नाही. एका माणसाची कळ दुसऱ्यापर्यंत पोचत नाही हे ठाऊक होतं, पण ती त्याच माणसाच्या पुढच्या वर्षापर्यंतही पोचत नाही, हे विचारात घ्यायला हवं होतं.

आमच्या घराण्यात डोळ्याच्या ऑपरेशनची एकच गोष्ट होती, ती पणजीची. मोतीबिंदू काढायला तिला मिरजेला नेलं होतं. त्या काळी डोळ्यात कृत्रिम भिंग बसवत नसत आणि जखम मोठी असायची. म्हणून पेशंटला उताणं निजवून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवत. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही. आजी सांगायची, गावाकडून भेटायला येणाऱ्यांची दारातच छाननी व्हायची आणि एका विनोदी दिरांना तर घरी जायचा दिवस येईपर्यंत आत सोडलंच नाही. ते बिचारे व्हरांड्यात बसून पेरू खायचे. मला ही मिरजेची शिस्त वाटायची. मग कळलं, सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात सळईने मोतीबिंदू खाली ढकलायची जी रीत सांगितली आहे, तिथेही पथ्याची यादी हीच: डोळ्याला तूप लावून पट्टी बांधावी, रुग्णाने उताणं निजावं आणि ढेकर, खोकला, शिंक, थुंकणं, अंग हलवणं हे सगळं वर्ज्य करावं. शिंक आवरणं माणसाच्या हातात असतं, अशी वैद्यकशास्त्राची तेव्हापासूनची खात्री आहे.

सुश्रुताच्या रुग्णाला आणि माझ्या मिरजेच्या पणजीला वेगळं करणारा एक थेंब आहे. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर नावाच्या तरुण डॉक्टरने कोकेनचं पाणी बेडकाच्या, सशाच्या आणि मग स्वतःच्या डोळ्यात घातलं आणि टाचणीच्या डोक्याने बुबुळ दाबून पाहिलं. काही जाणवेना. त्याआधी बहुतेक माणसं डोळ्यावरची सुरी जागेपणी सोसत. त्याचा मित्र फ्रॉइडही तेव्हा कोकेनवरच काम करत होता. पण तो वाग्दत्त वधूला भेटायला गावाला गेला आणि शोध कोलरच्या नावावर लागला. इतका मोठा शोध हायडेलबर्गच्या परिषदेत सांगायला जायचं, तर कोलरकडे गाडीभाड्याचे पैसे नव्हते. त्याचा निबंध दुसऱ्याच कुणीतरी वाचून दाखवला. आता कोकेन वापरत नाहीत, त्याची सभ्य भावंडं वापरतात. पण ऑपरेशनच्या टेबलावर माझ्या डोळ्यात थेंब पडला आणि तो संस्थानिक पडदा क्षणात गप्प झाला, तेव्हा मी मनातल्या मनात कोलरच्या तिकिटाचे पैसे दिले.

ऑपरेशनचं म्हणाल तर ते ऑपरेशन होतं यावर विश्वास बसणार नाही इतकं लहान. पापण्या मिटू नयेत म्हणून एक चिमटा, वरच्या सालीवर थोडं अल्कोहोल, मग ती साल बाजूला सारणारी एक बोथट पट्टी. दिसतं सगळं, जाणवत काहीच नाही. डोळ्यासमोरचा हिरवा दिवा पाण्यात पडल्यासारखा फुटतो, पसरतो. ‘‘दिव्याकडे बघा, दिव्याकडेच बघा,’’ असं डॉक्टर म्हणत राहतात आणि आपण नवस बोलल्यासारखे बघत राहतो. टक-टक-टक असा आवाज, जळलेल्या केसांसारखा वास. वास येतो खरा, पण जळत काही नसतं. तो १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील किरण असतो. तो रेणूंमधले बंध तोडतो, तेवढा थर वाफेसारखा उडून जातो आणि शेजारच्या पेशींना ऊबही लागत नाही. एका ठोक्याला पाव मायक्रॉनच्या आसपास. चष्म्याच्या एका नंबरमागे साधारण बारा ते पंधरा मायक्रॉन. म्हणजे ज्या नंबराने मला सगळी शाळा पहिल्या बाकावर बसवलं, लपंडावात कायम राज्य घ्यायला लावलं आणि समुद्रात उतरल्यावर किनाऱ्यावरच्या परक्या कुटुंबाकडे हात हलवायला लावला, तो एकूण एका केसाच्या जाडीचा ऐवज होता. मिनिटभरात तो हवेत गेला.

हा किरण जिवंत पेशींवर इतका नेटका चालतो हे ज्यांनी शोधलं त्यात मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन होते. न्यूयॉर्क राज्यात यॉर्कटाउन हाइट्सला आयबीएमच्या प्रयोगशाळेत जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम यांच्याबरोबर ते काम करत. १९८१च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगची मेजवानी झाली आणि दुसऱ्या दिवशी श्रीनिवासन घरचं उरलेलं टर्कीचं हाड आणि कूर्चा प्रयोगशाळेत घेऊन आले. लेझर मारला, काप स्वच्छ, कडा कुठे करपलेली नाही. आदल्या दिवशीच्या पोळ्यांचा कुस्करा करणाऱ्या समाजाला हे शास्त्र लगेच पटावं. पुढे स्टीव्हन ट्रोकेल या न्यूयॉर्कच्या नेत्रतज्ज्ञाला त्यात डोळा दिसला आणि उरलेल्या जेवणाची गोष्ट माझ्या कॉर्नियापर्यंत येऊन पोचली.

थेंबाची भूल उतरली ती रिक्षात, एका खड्ड्यात. आधी डॉक्टरांनी कबूल केलेली चुरचुर आली, अगदी शब्दाला जागून. मग ती बसल्या जागी पाय पसरू लागली. संध्याकाळपर्यंत पापणीच्या आत कुणीतरी अडकित्ता घेऊन निवांत सुपारी कातरत बसलं होतं. डोळा उघडला तर आग, मिटला तर टोचणी, आणि उघडझाप केली तर दोन्ही. पाणी डोळ्यांतून वाहायचं, नाकातून वाहायचं. औषध डोळ्यात घातलं की त्याचा कडवटपणा घशात उतरायचा, आणि हे सगळे रस्ते आतून एकमेकांना मिळालेले आहेत हे शाळेत न शिकलेलं प्रकरण एका रात्रीत पाठ झालं. उजेड तर तीक्ष्ण वस्तू झाला होता. आणि अंधार घरात किती दुर्मीळ असतो! वायफायच्या डब्यावर हिरवे ठिपके, डासांच्या मशीनवर लाल, टीव्ही बंद असला तरी त्याचा एक डोळा उघडा, इन्व्हर्टरचा आणखी वेगळा. मिटल्या पापण्यांतूनही ते मला मोजता येत होते.

सोबतीला वाईहून आत्या आली होती. तिने खोलीत एक फेरी मारली, पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि प्रत्येक दिव्यावर एकेक टिकली लावली. मरून रंगाची, मधल्या आकाराची. इन्व्हर्टर आणि वायफाय दोघेही सवाष्ण होऊन गप्प बसले. अंधार झाला. कोलरनंतर नेत्रोपचारांत एवढी सोपी भर कुणी घातली नसेल.

मध्यरात्री मला सारखं वाटायचं, तो टेबलावरचा थेंब हवा. एकच. मिनिटात सगळं शांत होईल. पण तो घरी देत नाहीत आणि त्याला कारण आहे. जखमेच्या कडेच्या पेशी चपट्या होऊन मध्याकडे सरकत येतात, उघडी जागा झाकतात, मग वाढून थर जाड करतात. बधिर करणारा थेंब ही वाटचालच थांबवतो. पुन्हा पुन्हा घातला तर बरा होण्याऐवजी कॉर्निया झडू लागतो. म्हणजे दुखणं आणि भरून येणं या दोघांनी एकाच खोलीत बिऱ्हाड केलं आहे. एकाला घालवायला जावं तर दुसराही सामान बांधतो. मग बर्फाची पिशवी, पोटात गोळी आणि दुसऱ्या कुशीवर न वळणं, एवढंच हाती उरतं. त्या अदृश्य पेशी रात्रभर काळोखात चालत होत्या आणि मी त्यांच्या पावलांखाली निजले होते.

दुसऱ्या सकाळी आत्याने निदान केलं, ‘‘दृष्ट लागलीय.’’ डोळ्यालाच दृष्ट लागावी हा योग तिला फार मोठा वाटला. मीठ-मोहरी काढली, लाल मिरच्या काढल्या. मी पांघरुणातून ओरडले, ‘‘आत्या, मिरच्यांचा धूर नको!’’

‘‘अगं, मिरच्यांशिवाय दृष्ट निघते का?’’

‘‘डॉक्टरांनी धूर वर्ज्य सांगितलाय.’’

तिने क्षणभर विचार केला. डॉक्टरांना दुखवायचं नाही आणि परंपरेलाही नाही, अशा पेचातून वाईची माणसं फार सफाईने सुटतात. मीठ-मोहरी माझ्यावरून उतरवली. मिरच्या मात्र, बिनओवाळलेल्या, जिन्यात नेऊन तव्यावर टाकल्या. वरच्या मजल्यावरचे काका खोकत खाली आले, समोरच्या वहिनींना शिंका आल्या. आत्या आत येऊन समाधानाने म्हणाली, ‘‘बघ, केवढी लागली होती!’’

टीव्ही नाही, मोबाइल नाही, पुस्तक नाही. म्हणून ती मला पेपर वाचून दाखवायची. नाकावर चष्मा, चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला, आणि वाचायची पद्धत कीर्तनकाराची, म्हणजे मूळ ओळ एक आणि निरूपण चार. अग्रलेख ती वगळायची. निधनवार्तांमध्ये वय आधी वाचायची, मग नाव. ‘‘अठ्ठ्याऐंशी. बरंच झालं की. मागे दोन मुलं, सुना... जावई नाही लिहिला बघ, काहीतरी असणार.’’ वधुवरांच्या जाहिरातींतल्या मुलांची पगारासह उलटतपासणी व्हायची. नगरपालिकेची गटाराची निविदा तिने अनामत रकमेपर्यंत वाचली, कारण ‘सोडायचं कशाला, पैसे दिलेत पेपरचे.’ डोळे मिटून ऐकताना माझ्या लक्षात आलं, हा आवाज मी लहानपणी गोवर आला तेव्हा ऐकला होता, आणि तो तेव्हाही मला बरं करण्याच्या घाईत नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुखणं उतरलं आणि दृष्टी बिघडली. मी घाबरले. पण ती रीतच आहे. चारी बाजूंनी सरकत आलेल्या पेशी मध्यावर, नेमक्या नजरेच्या वाटेवर भेटतात आणि तिथे थोडा उंचवटा होतो. पुढच्या आठवड्यांत तो सपाट होतो. तोवर जग धुपाटण्यामागून दिसल्यासारखं दिसतं. पट्टीची लेन्स निघाली, रात्रीच्या दिव्यांभोवती देवांच्या तसबिरीतली वलयं आली आणि हळूहळू विरली. उन्हात गॉगल सक्तीचा. मी भाजी आणायला गॉगल लावून गेले तर आमच्या भाजीवालीने कोथिंबिरीचा भाव वाढवून सांगितला.

पंखा दिसला. त्याच्या पात्यांवर धूळ होती. कोपऱ्यातली जळमटं दिसली, आरशात डोळ्यांखालची वर्तुळं दिसली. चष्मा ती इतकी वर्षं सोज्वळपणे झाकून होता. मैत्रिणी म्हणाल्या, दमलेली दिसतेस. आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला शेंगा सोलत बसलेल्या आत्याची मनगटं दिसली. बांगड्या कोपरापर्यंत सरकाव्यात इतकी बारीक झालेली. ती दिसावीत म्हणून काही मी ऑपरेशन केलं नव्हतं.

सगळ्यात विचित्र गोष्ट पुढे आली. डोळे कोरडे पडले. लेझरने थराबरोबर मज्जातंतूंची टोकंही जातात, ती पुन्हा उगवायला कित्येक महिने घेतात. आणि तोवर डोळ्याला आपण कोरडे आहोत हे नीटसं कळतच नाही. कळलं नाही की पाणी सोडायची सूचना जात नाही. इतके दिवस ज्या हळवेपणाला मी शिव्या दिल्या, त्यानेच हा पडदा ओला, म्हणजे स्वच्छ, ठेवला होता. आता अश्रू औषधाच्या दुकानातून आणायचे. बाटलीवर लांबलचक नाव असतं, कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज; आइस्क्रीम दाटसर राहावं म्हणून त्यात घालतात तेच. रडण्याच्या आणि आइस्क्रीमच्या सामानात एक जिन्नस सामाईक निघावा, हे लहानपणी कुणी सांगितलं असतं तर लगेच पटलं असतं.

स्वारगेटला आत्याला वाईच्या गाडीत बसवताना मात्र बाटली लागली नाही. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, मनातून येणाऱ्या पाण्याचा हुकूम मेंदूतून थेट सुटतो, कॉर्नियाला विचारत नाही. ते पाणी वेगळ्या नळाचं.

हल्ली मला कुणी विचारलं, ‘दुखतं का हो?’ तर माझ्या तोंडून ‘छे, थोडं चुरचुरतं’ असं निघू लागलंय. म्हणून पूर्ण विसरायच्या आत लिहून टाकते. पीआरके दुखतं. दोन-तीन रात्री चांगलं दुखतं, मग जातं, आणि चाळिशी उलटल्यावर जवळचा चष्मा लागायचा तो लागतोच. संमतीपत्रावर तसं छापलेलं असतं, वाचून सही करा. दवाखाना ठरवताना मशीन कुठलं, किती जुनं, हे जरूर विचारा. पण त्याआधी पेपर वाचून दाखवायला कोण येणार, ते ठरवा. माझी आत्या मिळणार नाही. तिला मोतीबिंदू झालाय, दिवाळीनंतर ऑपरेशन आहे. आता ते दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून होतं, वाळूच्या पिशव्या लागत नाहीत, माणूस त्याच दिवशी घरी येतो आणि थोड्याच दिवसांत स्वतः पेपर वाचू शकतो, हे मी तिला सगळं समजावून सांगितलंय. तिला शेवटचं कलम मान्य नाही. निधनवार्तांमध्ये वय आधी वाचायचं, एवढी अट घालून तिने मला वाईला बोलावलं आहे.